पिंपल्सवर बेन्झॉइल की अ‍ॅडापलीन?

भटकीमांजर: हनुवटीवर लाल पुळ्या आणि नाकावर ब्लॅकहेड्स, दोन्ही आहेत. लावायला जंतू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड घेऊ की बंद छिद्रं मोकळी करणारं अ‍ॅडापलीन? मेडिकलवाला म्हणतो क्लिंडामायसिन (अँटिबायोटिक) जेल लाव, बास.

कांदेपोहे: नुसतं क्लिंडा नको गं, जंतूंना सवय होते मग ते चालत नाही, सोबत बेन्झॉइल लागतंच. तेही २.५ टक्केवालं घे, १० टक्क्याने फक्त साल जास्त निघते. आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेव, रंगीत असला तर बेन्झॉइलने रंग उडतो 😅

सह्यवेडी: ब्लॅकहेड्सना अ‍ॅडापलीन ०.१ टक्केवालं बेस्ट. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच, आधी एक दिवसाआड. सुरुवातीला पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, तरी ८ ते १२ आठवडे धीर धर. सकाळी सनस्क्रीन मस्ट. प्रेग्नन्सीत मात्र नाही हं.

भटकीमांजर: आणि काकूंनी दिलेली गोरं करणारी क्रीम?

कांदेपोहे: त्यात स्टिरॉइड असलं तर वाट लागेल, आधी ट्यूबवर वाच!