वाचनालयासाठी डेटाबेस सर्व्हर उभारायचा आहे, सल्ला हवा

दाखलनोंद

आमचे तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रंथसंख्या सुमारे चाळीस हजार असून त्यांतील बहुसंख्य ग्रंथ मराठी आहेत. देवघेव विभाग, दाखल नोंदी आणि वाचकांचा शोध यांसाठी मिळून चार संगणक एकाच स्थानिक नेटवर्कवर चालतात. आजवर दाखल नोंदवही एका एक्सेल फाइलमध्ये आणि सभासदांची वर्गणी व अनामत दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली जात होती. आता एका सभासदाच्या प्रोग्रॅमर मुलीने ब्राउझरमध्ये चालणारी छोटी प्रणाली लिहून देण्याचे मान्य केले आहे. मात्र सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी आमच्याकडेच राहील. त्यासाठी १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला एक संगणक बाजूला काढता येईल.

मायएसक्यूएल, मारियाडीबी की पोस्टग्रेस, या डेटाबेस प्रणालींतील काय निवडावे? मांडणी करतानाच कोणत्या गोष्टी ठरवून घ्याव्यात? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्याचाही विचार करून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पारिजातक

नवी प्रणाली लिहून घेण्याआधी आपण ‘कोहा’ पाहिली आहे का? न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली ही मुक्त प्रणाली २००० सालापासून वापरात आहे. ती स्वीकारली तर आपला पहिला प्रश्न उरतच नाही, कारण ती मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलवरच चालते.

दाखलनोंद

पाहिली आहे. तिच्यातील ‘मार्क’ या प्रमाणित सांकेतिक पद्धतीच्या ग्रंथनोंदी भरणे आमच्या कर्मचाऱ्यांना जड जाईल, असे कार्यकारी मंडळाचे मत पडले.

उत्तररात्र

चाळीस हजार ग्रंथ आणि चार संगणक हा भार या तिन्हींपैकी कोणत्याही डेटाबेसला जाणवणारसुद्धा नाही, त्यामुळे वेगाच्या तुलना वाचण्यात वेळ घालवू नये. माझी शिफारस पोस्टग्रेसची आहे आणि तिचे मुख्य कारण मराठी अकारविल्हे हे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

संगणकावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली बसवावी. तिच्या भांडारात पोस्टग्रेसची १७ वी आवृत्ती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला नोव्हेंबर २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, आणि एका वाचनालयाला तेवढी निश्चिंती पुरेशी आहे.

सेटिंग्जचे दोन गट पाडून विचार केला की गोंधळ कमी होतो. पहिल्या गटातील सेटिंग्ज केव्हाही बदलता येतात. ‘शेअर्ड बफर्स’ (डेटा हाताशी ठेवण्यासाठी राखलेली रॅम) मुळात १२८ एमबी असते, ते रॅमच्या चौथ्या हिश्श्याइतके म्हणजे ४ जीबी करावे. एसएसडी असल्यामुळे ‘रँडम पेज कॉस्ट’ (विखुरलेला डेटा वाचण्याचा गृहीत खर्च) ४ वरून १.१ वर आणावे. जोडण्यांची कमाल मर्यादा १०० असते, तिला हात लावू नये. ‘वर्क मेम’ (क्रमवारीसारख्या कामाची मेमरी) वाढवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ती मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी किंवा एका जोडणीसाठी नसून क्वेरीतील प्रत्येक क्रमवारीच्या कामाला स्वतंत्रपणे लागू होते. ही सारी मूल्ये चुकली तरी पुढच्या आठवड्यात सुधारता येतील.

दुसऱ्या गटातील गोष्टी डेटाबेस निर्माण करतानाच ठरतात आणि नंतर बदलायच्या म्हटल्यास सगळा डेटा काढून पुन्हा भरावा लागतो. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठेवावे, हे तर उघडच आहे. खरा प्रश्न वर्णक्रमाचा आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही तर तेथे केवळ जोडाक्षरे असल्याने ती अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’मध्ये मिसळून जातात. म्हणून डेटाबेस निर्माण करताना आयसीयू (भाषांचे वर्णक्रम पुरवणारे सॉफ्टवेअर) हा पर्याय आणि मराठीचे लोकेल, म्हणजे भाषानियमांचा संच, निवडावे. संपूर्ण डेटाबेससाठी ही सोय १५ व्या आवृत्तीपासून आहे. खरी माहिती भरण्याआधी कमल, कावळा, काळ, हंस, क्षितिज, ज्ञानदेव हे शब्द उलटसुलट भरून क्रमवारी लावून पाहावी. ते याच क्रमाने आले तर पुढे जावे. न आल्यास १६ व्या आवृत्तीपासून स्वतःचे नियम जोडण्याचीही सोय आहे.

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली की वर्णक्रमाचे नियमही बदलू शकतात आणि जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स (शोधासाठीची सूची) चुकीची उत्तरे देऊ लागतो; पुस्तक कपाटात असते आणि शोधात सापडत नाही. पोस्टग्रेस अशा वेळी नोंदींच्या फाइलमध्ये इशारा देतो. तो दिसल्यास इंडेक्स पुन्हा बांधून घ्यावेत.

वायंगणी

मारियाडीबीची बाजू अगदीच दुबळी नाही. ती सांभाळणारा माणूस लहान गावातही मिळतो, आणि सर्व्हर सांभाळणे आपल्याकडेच राहणार असेल तर ही बाब मी वर्णक्रमापेक्षाही वरची मानीन. तिकडे वळलात तर प्रत्येक तक्त्यासाठी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हेच एन्कोडिंग घ्यावे. जुने तीन बाइटांचे एन्कोडिंग देवनागरीला पुरते, त्यामुळे अडचण बराच काळ लक्षात येत नाही आणि कोणी अभिप्रायात इमोजी टाकला की नोंद अडते.

विजेविषयी: इन्व्हर्टर असला तरी सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस द्यावा आणि तो यूएसबीने जोडून बॅटरी उतरू लागताच सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करावी. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे.

उत्तररात्र

यूपीएसबाबत सहमत. त्यात एवढीच भर घालतो की वेग वाढवण्यासाठी ‘एफसिंक’ (डेटा डिस्कवर खरोखर लिहिला जाईल याची खात्री करणारे सेटिंग) बंद करा असा सल्ला अनेक ठिकाणी आढळतो, तो अजिबात मानू नये. ते बंद असताना वीज गेली तर संपूर्ण डेटाबेस निकामी होऊ शकतो. ‘सिंक्रोनस कमिट’ (नोंद डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणे) बंद ठेवल्यास फार तर शेवटच्या काही नोंदी जातात, बाकी डेटा शाबूत राहतो. पण देवघेवीच्या कामात तीही गरज नाही. चेकसम (डिस्कवरील डेटा बिघडल्यास ओळखू येण्यासाठीचे तपासअंक) मात्र सुरू करावेत. १८ व्या आवृत्तीत ते मुळातच सुरू असतात, १७ मध्ये सांगावे लागते. राहून गेल्यास सर्व्हर बंद ठेवून नंतरही सुरू करता येतात.

बॅकअपसाठी रोज रात्री ‘पीजी डम्प’ हे पोस्टग्रेसचे साधन पुरेसे आहे. ते एका डेटाबेसपुरतेच असते, वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचा बॅकअप ‘पीजी डम्प ऑल’ने वेगळा घ्यावा. एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर, शक्यतो कार्यवाहांच्या घरी असावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून ग्रंथांची एकूण संख्या जुळते का हे पाहावे; न उतरवलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

दाखलनोंद

दोघांचेही आभार. प्रोग्रॅमर मुलगी पोस्टग्रेसला तयार आहे, तेव्हा तेच ठरवत आहोत. आणखी दोन शंका आहेत. वाचकांना घरून ग्रंथसूची पाहता यावी, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. त्यासाठी ५४३२ हा पोस्टग्रेसचा पोर्ट (संपर्काचे दार) इंटरनेटवर उघडावा लागेल का? दुसरे असे की एक्सेलमधील २०१० पूर्वीच्या नोंदी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत.

वायंगणी

पोर्ट मुळीच उघडू नये. बाहेरच्यांनी वेब प्रणालीशी बोलावे आणि प्रणालीने डेटाबेसशी. त्या प्रणालीला सर्वाधिकारी खाते न देता मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे, आणि सूची पाहण्यासाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेले तिसरे. डॉकर (प्रणाली वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) वापरणार असाल तर सावध राहावे, कारण त्यातून प्रसिद्ध केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्समधील साधनाच्या फायरवॉलला वळसा घालून बाहेर दिसू शकतो.

उत्तररात्र

श्रीलिपीचा मजकूर हा संगणकाच्या लेखी मराठी नसून इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची ओळ असते; ती फक्त फॉन्टमुळे मराठी दिसते. तशीच भरली तर वर्णक्रम आणि शोध यांतील काहीच चालणार नाही. आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावी, मूळ मजकूर शेजारच्या स्तंभात तसाच जपावा आणि दाखल क्रमांकाच्या आधारे छापील नोंदवहीशी ताडून पाहावी. जोडाक्षरे आणि रफार यांत परिवर्तक हमखास अडखळतात, तेव्हा ती तपासणी सवयीच्या माणसाकडेच द्यावी.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक पेच उरतो. ‘दऱ्या’मधील अर्धा र आणि ‘ॲ’ हे दोन्ही एकाहून अधिक प्रकारे टंकित होतात; पडद्यावर सारखेच दिसतात, पण तुलनेत वेगळे ठरतात. नुसत्या युनिकोड सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याने) हे सगळे भेद मिटत नाहीत. म्हणून ग्रंथनाम जसेच्या तसे ठेवून त्याच्या शेजारी शोधासाठी वेगळा जनरेटेड (डेटाबेसने आपोआप भरलेला) स्तंभ करावा आणि त्यात असे पर्याय एकाच रूपात आणावेत. वाचकाने टंकित केलेल्या शब्दालाही शोधापूर्वी हाच संस्कार द्यावा.