फील्ड रोबोटिक्समधल्या प्राध्यापकाचं करिअर कसं असतं?

बांधावरचा_मास्तर
मेकॅनिकलला शिकवतो, नववं वर्ष. पोरांनी तण काढणारी चारचाकी गाडी केली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये सुतासारखी सरळ पळायची. मागच्या शनिवारी घरच्या उसात घातली, तर पहिल्याच सरीत पोट टेकलं आणि चाकं गरागरा जागच्या जागी. विभागप्रमुख म्हणाले, प्रदर्शन होईपर्यंत शेताचं नाव काढू नका. मला याच विषयात, म्हणजे लॅबबाहेर शेतामातीत चालणाऱ्या रोबोटांवर, पीएचडी करायचीय. जन्मभर हेच केलेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला पेपर किती येतात आणि चिखल किती?

तीन_नद्या (पिट्सबर्ग)
मास्तर, पोट टेकणाऱ्यांची पंगत मोठी आहे. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक रेड व्हिटेकर बघा. मूळचे सिव्हिलवाले. १९७९ मध्ये पीएचडी झाली, त्याच वर्षी थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. तळघरात किरणोत्सारी पाणी, माणूस उतरवायची सोय नाही. १९८४ मध्ये यांच्या चमूची 'रोव्हर' गाडी तिथे खाली सोडली. पुढे भिंतींच्या काँक्रीटचे नमुनेही यंत्रानेच काढले. सिव्हिल कामी आलं म्हणायचं!

मग १९९३ ला यांचा आठ पायांचा रोबोट 'दांते' अंटार्क्टिकात, माउंट एरेबस ज्वालामुखीच्या विवरात. काही मीटर उतरला आणि फायबरची केबल तुटली, खेळ खल्लास. पुढच्या वर्षी 'दांते २' अलास्कात माउंट स्परच्या विवराच्या तळाशी जाऊन आला. म्हणजे जवळजवळ आला. वर चढताना कलंडला.

तुमच्या सरीची सख्खी बहीण मात्र २००४ ची. मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची १४२ मैलांची शर्यत. व्हिटेकरांची लाल हमर 'सँडस्टॉर्म' आधी सरावातच उलटली होती. शर्यतीत सगळ्यांत लांब तीच गेली, पण किती? साडेसात मैलसुद्धा नाही. वळणावर कडेच्या मातीवर चढली, पोट टेकलं, चाक फिरून फिरून धूर काढायला लागलं. त्याच चमूतला विद्यार्थी ख्रिस उर्मसन २००७ ला यांच्याच 'बॉस' गाडीने शहरी रस्त्यांवरची विनाचालक शर्यत जिंकली तेव्हा तांत्रिक प्रमुख होता. नंतर गुगलच्या विनाचालक गाडीचं काम त्याच्याकडे गेलं. पेपरही आहेत हो भरपूर, पण इथे लोक सांगतात ते हे किस्से.

खडूस_काका
तिकडे नासा आणि संरक्षण खातं पैसे देतं. इथे मोटर जळली की पोरं वर्गणी काढतात.

बांधावरचा_मास्तर
काका, जळलीच. अठराशे रुपये. वर्गणीच काढली.

वाफसा
ते अमेरिकेचं राहू द्या. उसाला पाणी कधी दिलं होतं?

बांधावरचा_मास्तर
गुरुवारी रात्री.

वाफसा
अहो, वाफसा आल्याशिवाय आम्ही बैल घालत नाही, तुम्ही बॅटरीची गाडी घातलीत!

बांधावरचा_मास्तर
वडीलही बांधावरून हेच ओरडत होते, मला वाटलं मोबाईल चार्जिंगला लावायला सांगतायत. गाडीचं पोट दोन इंच वर घेतोय. बुधवारी पुन्हा उसात. विभागप्रमुख इथे वाचत नसावेत.