मदत हवी आहे: फ्रेंच शेतकऱ्याच्या कराची बेरीज जुळत नाही (आज रात्रीपर्यंत)

अभ्यासू_०७
शाळेच्या प्रदर्शनासाठी फलक करतोय. १७८९ च्या आधी एका फ्रेंच शेतकरी कुटुंबावर वर्षाला किती कर पडायचा, त्याचा तक्ता. कुटुंब पाच जणांचं. रकाने असे: ताय म्हणजे रयतेवरचा मुख्य थेट कर (आपल्याकडे काही पुस्तकांत टाइल लिहितात), कापितासिओं म्हणजे डोईपट्टी, व्हँतिएम म्हणजे उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याचा कर, गाबेल म्हणजे मीठकर आणि चर्चचा दशमांश. बेरीज इतकी येते की घरात खायला काही उरणारच नाही. मिठाच्या किमतीत तर दोन पुस्तकांत वीसपट फरक. कुठलं पुस्तक चुकलंय तेवढं सांगा. क्रांतीची कारणं नका सांगू, ती पाठ आहेत. सकाळी छपाईला जातंय.

ताम्रपट
प्रांत कोणता? साल कोणतं?

अभ्यासू_०७
प्रांत कशाला? फ्रान्स. साल १७८९ च्या आधीचं, वर लिहिलंय की.

मोडीवाचक
तिथेच गाडी अडलीय. दोन्ही पुस्तकं बरोबर असणार. मिठाच्या बाबतीत फ्रान्स एक देश नव्हताच. उत्तरेकडे आणि पॅरिसच्या आसपास ‘मोठी गाबेल’: शंभर पौंड मिठाला सुमारे ६० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). दक्षिणेला ‘छोटी गाबेल’, दर कमी. काही प्रांतांनी एकरकमी पैसे भरून सुटका करून घेतलेली. वायव्येच्या ब्रिटनी प्रांताला तर मीठकर जवळपास नव्हताच, तिथे तेच मीठ २-३ लिव्रला. राजाच्या अर्थखात्याचा प्रमुख नेकर, त्याने १७८१ मध्ये राज्याचा जमाखर्च छापला, त्याला या पट्ट्यांचा नकाशाच जोडला होता.

ब्रिटनीची हद्द ओलांडली की किंमत वीसपट, त्यामुळे सीमेवर चोरटं मीठ हा गावोगावचा धंदा होता. बायका, पोरं, अगदी शिकवलेले कुत्रेसुद्धा मीठ वाहायचे. करवसुलीचा मक्ता ‘फेर्म जेनेराल’ या सावकारांच्या मंडळीकडे. त्यांचे सशस्त्र पहारेकरी घरात शिरून मिठाची बरणी तपासायचे. पकडला गेलेला हत्यारबंद असला तर सक्तमजुरी. फलकावर तो नकाशा काढा, तक्त्यापेक्षा जास्त बोलेल.

दुपारचा_चहा
फ्रान्सच का? अमेरिका घ्या, सोपं पडेल. १७६५ चा स्टॅम्प कायदा, १७७३ चा चहा कायदा. आणि चहा कायद्याने चहा महाग नाही, स्वस्त झाला होता, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पौंडभर चहामागे ३ पेन्स कर जुनाच होता. बंगालच्या १७७० च्या दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली, गोदामात चहा पडून होता, तो खपवायला हा कायदा. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात कंपनीच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. रक्कम मुद्द्याची नव्हतीच. ज्या संसदेत आपला प्रतिनिधी नाही तिने कर लावायचा, यावर भांडण होतं.

अभ्यासू_०७
विषय बदलता येत नाही, ठरलेला आहे. उत्तरेचा पिकार्डी प्रांत धरतो, साल १७८५. मिठाचा रकाना असा केलाय: माणशी ७ लिव्र × ५ = ३५ लिव्र. बरोबर?

ताम्रपट
सापडलं. लिव्र हे पैशाचं मापही आहे आणि वजनही (वजनाच्या लिव्रला इथे पौंड म्हणतोय). तुमचे ७ लिव्र हे पैसे नाहीत, वजन आहे, साधारण ३.४ किलो. मोठ्या गाबेलच्या प्रदेशात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला एवढं मीठ सरकारी गोदामातून घ्यावंच लागायचं. नको असलं तरी. याला ‘कर्तव्याचं मीठ’ म्हणत. मुलांची वयं काय धरलीत?

अभ्यासू_०७
वय पण लागतं? नवरा, बायको, सासू, १२ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी.

ताम्रपट
लागतं. मुलगी वगळा. चौघांचे ४ × ७ = २८ पौंड. शंभराला ६० लिव्र म्हणजे पौंडाला १२ सू (२० सू = १ लिव्र). २८ × १२ = ३३६ सू, म्हणजे १६ लिव्र १६ सू. हेच कुटुंब ब्रिटनीत असतं तर १७ सूच्या आत भागलं असतं. रकान्याला ‘मीठकर’ नको, ‘मिठावरचा खर्च’ म्हणा, कारण यात मिठाची मूळ किंमतही आहे.

एक गोष्ट मात्र फलकावर यायलाच हवी. हे मीठ फक्त स्वयंपाकाच्या भांड्यासाठी आणि ताटासाठी. डुकराचं मांस खारवायला यातलं चिमूटभर वापरलं तरी गुन्हा. त्यासाठी वेगळं मीठ घ्यायचं आणि पावती जपून ठेवायची.

सागरतीर
मीठ निघालंच आहे तर आपला १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रहही फलकावर घ्या. मुलांना लगेच कळेल.

मोडीवाचक
दीडशे वर्षांनंतरचा आणि परक्या सत्तेविरुद्धचा लढा आहे तो. इथे राजा आणि रयत एकाच देशाची. कृपया गल्लत नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

अभ्यासू_०७
मीठ जमलं, आभार. आता ताय. उत्पन्नाच्या किती टक्के?

मोडीवाचक
टक्के नाहीतच. बेरीज फुगण्याचं दुसरं कारण हे असणार. पिकार्डीत ताय वाटपाने बसायची. आधी राजाच्या मंडळात एकूण रक्कम ठरे, मग ती महसूल विभागांत, तिथून तालुक्यांत आणि शेवटी गावांत वाटली जाई. गावातलेच काही जण दरवर्षी वसूलदार नेमले जात. कोणाची ऐपत किती, ते गाई, गाडी, घर असं वरवर दिसणारं पाहून ठरवत. वसुली कमी पडली तर खड्डा वसूलदाराने भरायचा, नाहीतर तुरुंग. म्हणून कोणी कौलं बदलायला किंवा जास्तीची गाय दाखवायला धजत नसे.

आणि गावची रक्कम ठरलेली असल्यामुळे एकजण पदवी विकत घेऊन सूट मिळवून बसला की त्याचा वाटा शेजाऱ्यांवर. सूट म्हणजे सरकारचा तोटा नव्हे, शेजाऱ्याचा. संताप एवढा का होता ते या एका वाक्यात येतं.

दक्षिणेत लांगदॉककडे मात्र ताय जमिनीवर बसे. तिथे सरदाराने रयतेची जमीन घेतली तर त्यालाही भरावी लागे. म्हणून ताम्रपट यांनी पहिल्यांदा प्रांत विचारला.

अभ्यासू_०७
म्हणजे ‘सरदार आणि पाद्री एक पैसाही भरत नसत’ हे वाक्य काढू?

ताम्रपट
काढा. डोईपट्टी (१६९५) आणि व्हँतिएम (१७४९) सरदारांनाही लागू होती. लबाडी मोजणीत होती. रयतेची डोईपट्टी तायच्या प्रमाणात, तिला जोडूनच बसे. सरदारांची वेगळ्या यादीवर, सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीने, सांभाळून. पाद्र्यांनी १७१० मध्ये २ कोटी ४० लाख लिव्र एकदाच भरून डोईपट्टीतून कायमचं अंग काढलं. पुढे ते आपल्या सभेत ठरवून राजाला रक्कम द्यायचे आणि तिला कर नव्हे, ‘खुशीची देणगी’ म्हणायचे.

बखरकार
हे सगळं ठीक, पण करांमुळे क्रांती झाली हेच मला पटत नाही. इंग्लंडचा माणूस सरासरीने फ्रेंच माणसापेक्षा जास्त कर भरत होता, तिथे का नाही झाली? खरी गोष्ट कर्जाची. १७८८ चा अंदाज बघा: खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख लिव्र, जमा ५० कोटी ३० लाख, आणि खर्चातले ३१ कोटी ८० लाख निव्वळ कर्जफेडीला. अमेरिकेच्या लढाईचा खर्च नेकरने कर न वाढवता कर्ज काढून भागवला, त्याची ही फळं.

ताम्रपट
आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. कर्ज इंग्लंडवरही होतं. तिथे जमिनीचा कर जमीनदारांच्याच संसदेने मंजूर केलेला आणि तो ते भरत, म्हणून सावकार कमी व्याजाने देत. फ्रान्समध्ये सूट असलेल्यांना हात लावल्याशिवाय जमा वाढणारच नव्हती. अर्थमंत्री कालोनने फेब्रुवारी १७८७ मध्ये मान्यवरांच्या सभेपुढे सर्वांवर सारखा जमीनकर मांडला आणि दोन महिन्यांत त्याचंच पद गेलं. कर्जाने तिजोरी रिकामी केली, ती भरू दिली नाही विषमतेने. दोन्ही वेगळे करताच येत नाहीत.

बखरकार
मग पॅरिसच्या लोकांनी हत्यार उचललं ते जमीनकरासाठी? १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने पीक झोपलं आणि चार पौंडी पाव ८-९ सूवरून फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदा सूवर गेला. मजुराचा रोज २०-३० सू.

मोडीवाचक
आणि त्या जुलैत लोकांनी बास्तीयच्या (बॅस्टिलच्या तुरुंगाच्या) आधी काय जाळलं? पॅरिसभोवतीच्या नव्या भिंतीतले जकात नाके. जकात आणि महागाई तिथे एकाच दारात भेटत होत्या.

अभ्यासू_०७
वाद नंतर घाला हो. दशमांश राहिलाय. दहा टक्के ना?

मोडीवाचक
नावाला दहावा, प्रत्यक्षात गावागणिक वेगळा, बऱ्याच ठिकाणी कमी. पण तो एकूण पिकावर घेतला जाई, बियाणं वजा न करता. ६० पोती पिकली आणि दर बारावा धरला तर ५ पोती गेली. एकास पाच उतारा धरला तर १२ पोती बियाणाला. म्हणजे ५ पोती ही ६० पैकी नव्हे, ४८ पैकी गेली. शिवाय वसूलदार येऊन पेंढ्या मोजेपर्यंत शेतातून पीक हलवायचं नाही. आभाळ भरून आलं तरी.

अभ्यासू_०७
असं करतो: मिठाला पिकार्डी आणि ब्रिटनी शेजारी शेजारी, तायला टक्क्यांऐवजी वरून खाली बाण, दशमांशाला ६० पोत्यांचं चित्र. एकूण बेरीज काढून टाकतो. खाली ओळ: ‘४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री हे सर्व कर रद्द झाले.’

ताम्रपट
ती ओळ चुकीची आहे, छापू नका. त्या रात्री करातली सवलत रद्द करायचं ठरलं, कर नव्हे. उलट १७ जून १७८९ ला राष्ट्रीय सभेने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की जुने सगळे कर बेकायदा आहेत, कारण राष्ट्राची संमती नव्हती. पण सभा चालू आहे तोवर भरत राहा. गाबेल मार्च १७९० मध्ये गेली. नवा जमीनकर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला.

अभ्यासू_०७
१७ जूनचीच ओळ घालतो. फाइल पाठवतोय.