एस्टीमला डिझेलचा टर्बो: ७० हजारांत जमतं का, आणि जमलं तरी करावं का?

चौथा_गिअर:
वडिलांची २००४ ची मारुती एस्टीम आहे, पेट्रोलवाली. १२९८ सीसी, ८५ बीएचपी, वजन ९०० किलोच्या आत. इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वी काढलंय, तेल पीत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर १.३ लिटर डिझेलचा, ७५ पीएसवाला छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) ९ हजारांत मिळाला. शाफ्ट आडवा किंचित हलतो, पुढे-मागे अजिबात नाही. मॅनिफोल्ड (इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोत नेणारा जोड) बनवून घ्यायचं, दाबलेली हवा गार करायला जुना इंटरकूलर, पाइपिंग, पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर, असं धरून ७० हजार. बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, फक्त ०.४ बार. ११० बीएचपीच्या आसपास मिळाले तरी मी खूश. टर्बो म्हणजे लाखांचा खेळ, हे किट विकणाऱ्यांचं म्हणणं आहे असं माझं मत. चुकत असेन तर पटवून द्या.

थर्मोवाली:
प्रयत्न करते. हा टर्बो ज्या डिझेलवर होता ते साडेचार हजार आरपीएमच्या वर फारसं जात नाही. तुम्ही सहा हजारांपर्यंत ओढणार. म्हणजे दोन हजारांपासून मजा, आणि पाच हजारांनंतर ते बारीक टर्बाइन सायलेन्सरच्या वाटेत बोळा कोंबल्यासारखं अडून बसणार. वेस्टगेटचं, म्हणजे जादा गॅस टर्बाइनला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेचं, भोकही डिझेलच्या मापाचं. त्यातून पुरेसा गॅस सुटला नाही, तर बूस्ट ०.४ वर न थांबता चढतच जातो. आणि ती झडप उघडणाऱ्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग पाहिलीत का? डिझेलवर ती १ बारच्या आसपास किंवा त्याच्याही वर उघडायला बसवलेली असते. आहे तसा लावलात तर ०.४ मिळणारच नाही, थेट १ बार मिळेल. एकदाच.

शिवाय उष्णता. पूर्ण लोडला डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७५०-८०० अंश, पेट्रोलचा ९०० च्या पुढे. हलत्या पात्यांचा टर्बो घेतला नाहीत हे बरं केलंत. पोर्शने २००६ मध्ये ९११ टर्बोला तसला बसवला तेव्हा उष्णता सोसणारे खास मिश्रधातू वापरले. ते कुर्ल्याला मिळत नाहीत.

उद्यमनगरी:
भावा, कर. मी कोल्हापूरचा, लेथवर पोट आहे. आमच्या शेडमध्ये एका झेनला असलाच डिझेलचा टर्बो बसवलाय, तीन वर्षं पळतीया. ताईंचं स्प्रिंगचं बोलणं शंभर टक्के खरं, मऊ स्प्रिंगचा ॲक्च्युएटर टाकावाच लागतो. भोक आम्ही ग्राइंडरनं मोठं केलं. पण वरचा दम जातोय म्हणून रडायचं कशाला? घाटात सहा हजारावर कोण चालवतं? आम्हाला तीन हजारावर ओढ पाहिजे, ती मिळती.

मॅनिफोल्ड पातळ पायपाचं करू नको, सायलेन्सरवाल्याकडं तर मुळीच नको. जाड हायड्रॉलिक पायपाचे बेंड घे, फ्लँज (बोल्टनं आवळायची पट्टी) १२ एमएमची. वेल्डिंग झालं की फ्लँज वाकडी होतीच, मग मिलिंगवर फेस मारून घे. हे न करता गॅस्केटला शिव्या देणारे लई बघितले. टर्बोतनं तेल परत जायचा पाइप मोठा ठेव, सरळ उताराचा, आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर सोड. नायतर टर्बो तेल ओकतोय आणि लोक म्हणत्यात टर्बो खराब.

कलम_५२:
कुणीच बोलत नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. अपघात झाला, सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि आत टर्बोची गोगलगाय दिसली, की विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. हे तुमच्या ७० हजारांत धरलंय का?

पंखेवाला:
ऑनलाइन ३,५०० ला इलेक्ट्रिक टर्बो मिळतो, १२ व्होल्टवर. वेल्डिंग नको, तेल नको. तो का नाही?

थर्मोवाली:
कारण या इंजिनाला ०.४ बार हवा पुरवायला सुमारे ४ किलोवॉट लागतात. १२ व्होल्टवर ३०० ॲम्पियरच्या वर. एस्टीमचा अल्टरनेटर ५०-६० देत असेल. तो पंखा चालतो तेव्हा हवेच्या वाटेत नुसता आडवा येतो.

लोणंदकर:
मी तुमच्याच वाटेने गेलो होतो, म्हणून लिहितो. तेच इंजिन, तोच बेत, तोच रेग्युलेटर. काम एका गॅरेजकडे दिलं होतं, नाव घेत नाही, कारण घाई माझीच होती. पहिला महिना स्वर्ग. मग खंबाटकी चढताना तिसऱ्यात ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबून धरला, वर वळणापाशी टाचण्या खळखळल्यासारखा आवाज आला, आणि मागे निळा धूर. पिस्टनची रिंगा बसतात ती कड तुटली होती. ३८ हजार.

कारण नंतर कळलं. इंजेक्टरमधून ३० टक्के जादा पेट्रोल हवं असेल तर प्रेशर ३० टक्क्यांनी वाढवून भागत नाही, जवळपास ७० टक्क्यांनी वाढवावं लागतं. ३ बारचे ५ करायचे. तिथे जुना पंपच धापा टाकतो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर तर वातावरणाच्या दाबापुढे मोजतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं आपण साध्या फुल थ्रॉटलवर आहोत, आणि ठिणगीचं टायमिंगही तेवढंच पुढे ठेवतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पातळ झालं ते सांगणारा मीटर माझ्याकडे नव्हता. तुमच्या यादीतही नाही.

चौथा_गिअर:
लोणंदकर, हे वाचून जरा गार पडलो. पण मग उद्यमनगरींची झेन तीन वर्षं कशी चालली? माझा मुद्दा तिथेच आहे. स्वस्त टर्बो दोषी नाही, ट्यूनिंग दोषी आहे.

उद्यमनगरी:
झेनला ईसीयू वेगळा हाय. स्पीडुइनो, ओपन सोर्सवाला. पोरानं बसून मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) केला, दोन महिने गेले. इंजेक्टर मोठे, वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) हाय. ते लिहायचं राहिलं.

थर्मोवाली:
राहिलं! अहो, खरा खर्च तोच. ९ हजारांच्या टर्बोची बढाई सगळे मारतात आणि बिल असं शेपटीला निघतं.

आणि इंटरकूलर "जुना कुठला तरी" घेऊ नका. ३५ अंशांची हवा ०.४ बारला दाबली की अशा कॉम्प्रेसरमधून ८० च्या वर तापून निघते. हवा आधीच साडेनऊ पटीच्या आसपास दाबणाऱ्या इंजिनात तीच गेली तर लोणंदकरांची टाचणी तुमच्याकडेही वाजेल.

कलम_५२:
ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरवायची असेल तर माझी काही हरकत नाही. ट्रेलरवर न्या.

चौथा_गिअर:
ट्रेलरचं भाडं कोण देणार, काका?

बरं, हिशोब उलटा लावतो. टर्बो माळ्यावर. आधी स्पीडुइनो आणि वाइडबँड, आहे त्याच इंजिनावर. ते मला नीट चालवता आलं, थंडीत एका चावीत सुरू झालं, ॲव्हरेज पडलं नाही, तरच पुढे. आरटीओचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं मान्य.

लोणंदकर:
वाइडबँडचा बंग (एक्झॉस्टच्या पायपावर सेन्सर आवळायची आट्यांची बुशी) आडवा बसवू नका. वरच्या अंगाला, थोडा तिरका. खाली ठेवलात तर पाणी साचून सेन्सर जातो.

उद्यमनगरी:
आणि टर्बोची सगळी तोंडं फडकं कोंबून बांध. माळ्यावर झुरळं शिरत्यात.