मदत हवी आहे : इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी घेऊ का ट्यूब्युलर (ॲसिड-पाण्याची)? लवकर सांगा

पेठकर९
मंडळी, पाऊस सुरू झाला की आमच्याकडं लाईटचं काय खरं नसतंय. परवा रात्री गेली ती सकाळीच आली, बारकं पोरगं घामानं भिजून रात्रभर रडत होतं. एक दुकानदार म्हणतोय लिथियम घ्या, दुसरा म्हणतोय १५० एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलरच बरी. रविवारी घ्यायचंच हाय, कुठली घेऊ तेवढं सांगा.

रंकाळ्याचा_वारा
दादा लोड किती? त्याशिवाय काय सांगायचं.

पेठकर९
नॉर्मल घर हाय हो. ३ पंखे, ६ एलईडी, वायफाय, लॅपटॉप.

उद्यमनगरी
भावा डोळे झाकून ट्यूब्युलर घे. पाणी टाकत राहिलास की पाच वर्षं बघायला नको, आणि जुनी देताना भंगाराचे पैसे पण येतात. लिथियमला दुप्पट पैसे कशाला घालायलाईस?

वायरमन_बापू
पाणी म्हणजे डिस्टिल्डच, आरओचं नव्हे, लई लोक तेच ओततात आणि बॅटरी मारतात. दुसरं, लिथियम घेणार असशील तर जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नको, चार्जिंगचं सेटिंग वेगळं असतंय.

सूर्यफूल_कोल्हापूर
मी म्हणतो इन्व्हर्टर पाहिजेच कशाला! पीएम सूर्यघर ह्या सरकारी योजनेतून छतावर सोलर बसवा, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी हाय, बिल पण खाली येतंय.

वायरमन_बापू
अहो ऑनग्रिड सोलर, म्हणजे खांबावरच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की आपोआप बंद होतंय. खांबावर काम करणाऱ्याला उलट करंट जाऊ नये म्हणून तसंच बनवलेलं असतंय. ह्यांचा प्रश्न रात्रीचा हाय.

सूर्यफूल_कोल्हापूर
लाईट गेल्यावर पण चालणारं हायब्रीड सोलर मिळतंय की.

वायरमन_बापू
मिळतंय, पण त्याला पण बॅटरीच लागते. म्हणजे फिरून तिथंच.

हिशोबनीस_ताई
भांडू नका, आकडे बघूया. साधा पंखा ७० वॅट धरला तर तीन पंख्यांचे २१०, दिव्यांचे ५५, लॅपटॉप आणि वायफाय मिळून ७५, म्हणजे ३४० वॅट. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, पण तो आकडा २० तासांत हळूहळू वापरली तरचा असतो. इन्व्हर्टरची घट धरून हातात १२०० आले तरी पुष्कळ. म्हणजे साडेतीन तास. रात्रभर चालवायचं असेल तर आधी पंखे बदला, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटवर चालतो. झोपताना दोन पंखे आणि एक दिवा एवढंच ठेवलं तर त्याच बॅटरीवर रात्र सहज निघते. माझ्या मते बॅटरीच्या आधी पंख्यावर पैसे घाला.

पेठकर९
हे कुणीच दुकानात सांगितलं नाही. आणि पाण्याची अर्धा एचपीची मोटर पण त्याच्यावरच चालेल ना?

उद्यमनगरी
आता सांगतोयस व्हय!

वायरमन_बापू
मोटर चालू होताना कितीतरी पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टर ट्रिप होणार. लाईट असताना टाकी भरून ठेवायची. बरं, घर कितव्या मजल्यावर, आणि पेठ कुठली?

पेठकर९
तळमजला, उत्तरेश्वर पेठ. बॅटरी जिन्याखाली ठेवायची हाय.

रंकाळ्याचा_वारा
मग हे पहिल्यांदा सांगायचं की राव! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फुटांच्या वर गेलं की धोका पातळी, आणि २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ट्यूब्युलर ५०-६० किलोची, आत ॲसिड, पाणी चढायला लागल्यावर रात्री कोण उचलणार? १०० एएचची लिथियम १२-१५ किलोची, एकटा माणूस घेऊन वर जातोय. तुझ्यासाठी लिथियमच.

उद्यमनगरी
तळमजला असेल तर मग माझं पण तेच मत. पण १०० एएच म्हटल्यावर कमी पडंल ना?

हिशोबनीस_ताई
नाही पडत. लिथियम १२.८ व्होल्टची, म्हणजे १०० एएचला १२८० वॅट-तास, आणि त्यातलं बहुतेक सगळं वापरता येतं, तीन-चार तासांत परत चार्ज पण होते. ट्यूब्युलरला दहा-बारा लागतात, मध्ये परत लाईट गेली की अर्धीच भरलेली राहते.

पेठकर९
ठरलं. खोलीतले दोन पंखे बदलतो आणि लिथियम घेतो, इन्व्हर्टर पण नवाच बघतो. बापू, जिन्याखाली न ठेवता माळ्यावर ठेवली तर चालेल का?

वायरमन_बापू
चालेल, हवा खेळती पाहिजे आणि पत्र्याखाली नको, उन्हाळ्यात तापतंय. वायर लांबली तर जाड घे, आणि इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचाच माग, म्हणजे घरच्या लाईटसारखाच सरळ करंट देणारा.

नवीन_सभासद_कसबा
ह्याच धाग्यात विचारतो, आमचा पंखा इन्व्हर्टरवर घुंऽऽ करतोय, पंखा खराब झालाय का?

वायरमन_बापू
पंखा ठीक असणार, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (खडबडीत करंट देणारा, स्वस्तातला) हाय का बघा.