कोळशाची भट्टी आणि घरचा मॅनहॅटन

कुणीतरी लिहिलंय की न्यूयॉर्कचा पिझ्झा म्हणजे नुसता तेलकट आणि घरी केलेला मॅनहॅटन, म्हणजे ते व्हिस्कीचं कॉकटेल, बारसारखा लागतच नाही, दोन्ही अजिबात पटलं नाही.

पिझ्झा खायला ब्लीकर स्ट्रीटवर जॉन्सला जा. 1929 पासूनचं दुकान, कोळशावर चालणारी विटांची भट्टी, आणि स्लाइस मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो, त्यामुळे तीनचार जण जमवूनच जा. एक तुकडा उलटून बघा, खाली काळे डाग दिसतील, तो करपलेला नाहीये हो, सगळी मजा त्या डागांतच आहे! उभ्या उभ्या एकच स्लाइस हवा असेल तर तिथून चालत कार्माइन स्ट्रीटवर जोज, घडी घालून खायचा, थोडं तेल ओघळणारच, ओघळू दे.

आता मॅनहॅटन. राय व्हिस्की (राय धान्याची) 60 मिली, गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाले मुरवलेली वाइन) 30 मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे, बास. शेक करू नका प्लीज, भरपूर बर्फ घालून अर्धा मिनिट शांतपणे ढवळा, शेक केलं की हवा शिरते आणि ड्रिंक गढूळ होतं. पण घरी चव बिघडते ती बहुतेक व्हर्मूथमुळे, कारण ती शेवटी वाइनच आहे, उघडलेली बाटली महिनोन्महिने कपाटात राहिली की उतरते. छोटी बाटली आणा, फ्रीजमध्येच ठेवा आणि महिनाभरात संपवा. ग्लासपण आधी फ्रीझरमध्ये टाकून ठेवा, खूप फरक पडतो.