भाच्याला कोणता सुपरमॅन दाखवू? सल्ला पाहिजे

दारव्ह्याचा_मामा

नमस्कार मंडळी.

माझा भाचा 11 वर्षांचा आहे. मागच्या साली त्याचे वडील हार्ट अटॅकनं गेले, तेव्हापासून बहीण आणि तो आमच्याकडेच राहतात. पोरगं सुपरमॅनचं वेडं आहे. पण आजवर त्यानं पाहिले ते फक्त मोबाइलवरचे तुकडे. कुठं ख्रिस्तोफर रीव्ह, कुठं हेन्री कॅव्हिल, कुठं तो नवा डेव्हिड कोरेनस्वेट. परवा जेवता जेवता विचारलं, "मामा, यातला खरा कोणता?" मला उत्तर देता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एक पिक्चर, पूर्ण, सगळ्यांनी मिळून पाहायचा असं त्याला कबूल केलं आहे. आई, बहीण, आबा सगळेच बसणार. मला एवढं माहीत आहे की परग्रहावरून आलेला सुपरमॅनही शेतकऱ्याच्या घरी वाढतो आणि काही पिक्चरमध्ये त्याचा बाप मरतो. ते कोणत्या पिक्चरमध्ये कसं येतं, हे मला आधी समजून घ्यायचं आहे. त्याला इंग्रजी समजत नाही, हिंदी चांगली समजते. कथा उघड झाली तरी चालेल, उलट तीच सांगा.

काळी_कसदार

मामा, खरा म्हणाल तर रीव्ह. 1978चा, रिचर्ड डोनरनं केलेला. त्यात लोइसच्या, म्हणजे त्याच्यासोबत काम करणाऱ्या बातमीदार बाईच्या घरातला एक प्रसंग आहे. क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, आवाज खाली उतरतो. अंगावर तोच कोट, पण समोर दुसराच माणूस उभा राहतो. ती बाहेर येते तसा तो परत वाकतो, चष्मा चढवतो आणि भित्रा क्लार्क होतो. यात ना मशीनची करामत, ना कॉम्प्युटरची. हे नटाचं काम आहे, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक सुपरमॅनला या एका प्रसंगाशी मापलं जातं. चष्म्यानं माणूस कसा ओळखू येत नाही हा प्रश्न लोक विचारत राहतात. रीव्हला पाहिलं की तो प्रश्न पडत नाही.

आता तुमच्या मुद्द्याचं. या पिक्चरमध्ये बाप हार्ट अटॅकनंच जातो. ग्लेन फोर्ड हा नट आहे. बाप-लेक वावरातल्या रस्त्यानं घरी येत असतात, बाप पोराला सांगतो की तू इथं आलास ते काहीतरी कारणासाठीच आलास. मग दोघं घराकडे पळायची शर्यत लावतात आणि बाप मध्येच थांबून स्वतःचा हात धरतो. एवढंच दाखवलं आहे. पुढचं दृश्य थेट स्मशानातलं. तुमच्या घरी हे जड जाईल हे मला कळतं, म्हणून आधीच सांगितलं.

पऱ्हाटीतला_पोट्टा

रीव्हचा मान ठेवूनच सांगतो दादा, तो सुपरमॅन देव वाटते. कॅव्हिलचा माणूस वाटते.

2013चा 'मॅन ऑफ स्टील' पाहा. त्यात गाडीत बसल्या बसल्या बाप-लेकाचं भांडण होते. पोरगा म्हणते, मले शेती नाही करायची, मले काहीतरी कामाचं करायचं हाये. बाप विचारते, मंग लोकायले खाऊ घालणं कामाचं नाही काय? आपल्या घरानं पाच पिढ्या हेच केलं. तर पोरगा म्हणते, तुमच्या घरानं, माह्या नाही! आपल्या इकडच्या कोणत्या घरात हे बोलणं झालं नाही सांगा बरं? कापसाले भाव नाही, सोयाबीन पाण्यानं काळं पडलं, बाप म्हणते वावर सांभाळ, पोरगा म्हणते पुण्याले जातो. हॉलिवूडच्या सुपरहिरोच्या तोंडी हे वाक्य मी दुसऱ्या कोणत्याच पिक्चरमध्ये ऐकलं नाही. अन् बापाचं काम केविन कॉस्टनरनं केलं. त्या माणसाच्या डोयात खरंच माती दिसते.

शेवटी तर पाहाच. लहाना क्लार्क पाठीले लाल कपडा बांधून कमरेवर हात ठेवून उभा राह्यते अन् बाप दुरून त्याले पाहते. मी तिथं दरवेळी रडतो.

मेहकरची_ताई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, वडील गेलेली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. त्यामुळं पोट्टा भाऊ, तुमचा पिक्चर मला मनापासून आवडत असूनही या मुलाला आत्ता तो दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मामा, त्यात बाप कसा मरतो ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चक्रीवादळ येतं. लोक पुलाखाली आडोशाला जातात. बाप गाडीत अडकलेल्या कुत्र्याला सोडवायला परत फिरतो आणि त्याचा पाय जायबंदी होतो. क्लार्क एका क्षणात त्याला उचलून आणू शकतो. बाप हात वर करून त्याला थांबवतो, कारण लोकांपुढं पोराची शक्ती उघडी पडू नये. क्लार्क थांबतो. आणि त्याच्या आधीची काही मिनिटं ते दोघं भांडलेले असतात, तू माझा बाप नाहीस असं पोरगा म्हणून बसलेला असतो.

वडील गेलेलं लेकरू तोंडानं बोलत नाही, पण आत एकच गोष्ट उगाळत असतं: मी काही केलं असतं तर बाबा वाचले असते का? मी तेव्हा घरी असतो तर? मी हट्ट केला नसता तर? अशा मुलासमोर "वाचवू शकत होता, पण वाचवलं नाही" हे दृश्य ठेवायचं नाही. मोठ्यांना त्यातला बापाचा त्याग दिसेल. 11 वर्षांच्या मुलाला फक्त थांबलेला पोरगा दिसेल.

1978च्या पिक्चरमध्ये नेमकं उलटं आहे. तिथं क्लार्क स्मशानात आईला म्हणतो की माझ्याकडे एवढ्या शक्ती आहेत, तरी मी त्यांना वाचवू शकलो नाही. जगातला सगळ्यात बलवान पोरगाही हार्ट अटॅकपुढं काही करू शकला नाही, म्हणजे त्याचा दोष नव्हता. हे वाक्य तुमच्या भाच्याला कुणी समजावून सांगण्यापेक्षा सुपरमॅनच्या तोंडून ऐकू आलं तर जास्त आत जाईल.

पण आजच दाखवा असं म्हणत नाही. ते त्याची आई ठरवेल.

पऱ्हाटीतला_पोट्टा

ताई, तुमचं म्हणणं पटलं लेकराच्या बाबतीत. पण पिक्चरच्या बाबतीत एक बोलतो. बाप थांब म्हणते अन् पोरगा थांबते, यात पोराचा भरोसा दिसते. आधी भांडला, तरी शेवटी बापाचं ऐकलं. आई नंतर कबरीजवळ सांगते, की तू मोठा होऊन काय बनशील हे त्यानं पाहिलंच होतं.

काळी_कसदार

भरोसा कसला, भीती आहे ती! त्या पिक्चरमधला बाप पोराला लपायलाच शिकवतो. शाळेची बस नदीत पडते, क्लार्क सगळ्यांना वाचवतो, आणि बाप त्याला काय सांगतो? मरू द्यायला पाहिजे होतं का, या प्रश्नावर "कदाचित" म्हणतो. अमेरिकेतल्या कॅन्सासमधला असो की कारंज्यातला, शेतकरी बाप असं बोलणार नाही. आपल्याकडे विहिरीत कुणी पडलं तर माणूस आधी उडी मारतो, मग विचार करतो. आणि शेवटी झॉड या खलनायकाची मान मोडणं. सुपरमॅननं मान मोडायची?

पऱ्हाटीतला_पोट्टा

झॉडचं बोलूच नका. 1980च्या दुसऱ्या भागात रीव्हनंच झॉडची शक्ती काढून त्याले खोल दरीत फेकलं, अन् हसत हसत. कॅव्हिल मान मोडल्यावर गुडघ्यावर पडून ओरडते. दुःख कोणाले झालं ते तुम्हीच पाहा.

वरूडचा_संत्रा

या भांडणात एक गोष्ट राहून गेली आणि ती मामांच्या कामाची आहे.

सुपरमॅन ज्यानं लिहिला तो जेरी सीगल स्वतः कमी वयात बाप गमावलेला पोरगा होता. क्लीव्हलँडमध्ये त्याच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. 1932 साली दुकानात चोर शिरले, त्या धावपळीत वडील कोसळले आणि गेले. जेरी तेव्हा 17 वर्षांचा. त्यानं आणि त्याचा मित्र जो शूस्टरनं मिळून रंगवलेला सुपरमॅन 1938मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. गोळ्या लागून उडून जातात असा माणूस त्या पोराला का सुचला असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज वाटत नाही. तुमच्या भाच्याला पिक्चरच्या आधी ही गोष्ट सांगा, मामा. खरा सुपरमॅन कोणता याचं हेच उत्तर मी माझ्या पोराला दिलं होतं.

आता माझी शिफारस: 2025चा, जेम्स गनचा. त्यात आई-बाप दोघं जिवंत आहेत. साधे, जाडजूड, जरा जास्तच बोलणारे, फोनवर ओरडून बोलणारे. अगदी आपल्या इकडचे वाटतात. क्लार्क खचून घरी येतो तेव्हा बाप त्याला अंगणात बसवून सांगतो की आईबापांनी पोराला काय व्हायचं ते ठरवायचं नसतं. तू काय करतोस, काय निवडतोस, त्यावरून तू कोण ते ठरतं. कोरेनस्वेटचा सुपरमॅन मार खातो, चिडतो, चुकतो, आणि लढाईच्या मध्ये एका खारीलाही वाचवतो. क्रिप्टो नावाचं कुत्रं आहे, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. हिंदीत डब झालेला आहे. लांबी 129 मिनिटं, 1978च्यापेक्षा 14 मिनिटं कमी. तिकडं लाईनचा भरवसा नसेल तर तेही बघा.

एक इशारा. लूथर हा खलनायक एका साध्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या माणसाला सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत पिस्तुलानं मारतो, आणि सुपरमॅन त्याला वाचवू शकत नाही. रक्त दाखवत नाहीत, पण प्रसंग वाईट आहे. ताईंनी जे सांगितलं तेच इथंही लागू होतं. तो भाग येईल तेव्हा शेजारी बसा, किंवा पुढं ढकला.

मेहकरची_ताई

संत्रा दादांशी सहमत. 2025चा आधी. त्यात शेवटी सुपरमॅन कोणाचा व्हिडिओ पाहत बसतो ते मुद्दाम लिहीत नाही, तेवढं तरी मामांनी घरच्यांसोबतच पाहावं.

काळी_कसदार

2025चा वाईट नाही, पण गर्दी फार. इतके सुपरहिरो, इतकी यंत्रं, की सुपरमॅनला श्वास घ्यायला जागा नाही. 1978मध्ये गव्हाच्या शेतात आई आणि पोरगा नुसते उभे असतात आणि त्या शांततेत पिक्चर मोठा होतो. तिथं एक बारीक गोष्ट आहे, फार कमी लोक बोलतात तिच्याबद्दल. क्लार्क घर सोडायच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून ठेवतो, की आईला शेतात मदत कर. उडायला निघालेला सुपरमॅन आधी वावराची सोय लावतो. आबांना हे नक्की दिसेल.

दारव्ह्याचा_मामा

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, फार बरं वाटलं. काल रात्री बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला.

तिचं म्हणणं असं: 2025चा दिवाळीत पाहू, सगळे मिळून. लूथरचा तो प्रसंग ती स्वतः त्याच्याजवळ बसून पाहणार, ढकलणार नाही. आणि 1978चा ती आधी एकटी पाहणार. स्मशानातलं वाक्य तिला स्वतःला ऐकायचं आहे. मग उन्हाळ्यात, जमेल असं वाटलं तर पोराला दाखवेल. 'मॅन ऑफ स्टील' तो मोठा झाल्यावर स्वतः शोधून पाहील, पोट्टा भाऊ, तुमचं गाडीतलं भांडण त्याला त्या वयातच कळेल.

जेरी सीगलची गोष्ट मी आज सकाळी भाच्याला सांगितली. त्यानं विचारलं, मग त्यानं सुपरमॅनला बाबा दिले का? मी म्हटलं दिले, एक नाही, दोन दिले. एक आकाशातले आणि एक वावरातले.

एकच प्रश्न राहिला. 1978चा हिंदीत मिळाला नाही तर बहिणीला कसं समजेल?

काळी_कसदार

तिच्या शेजारी कुणीतरी बसून वऱ्हाडीत सांगत जा. त्यात बोलणं कमी आहे. मार्लन ब्रँडोचा क्रिप्टॉनवरचा, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहावरचा सुरुवातीचा भाग लांब आहे, तो दोन वाक्यांत सांगून टाका. स्मॉलव्हिल, म्हणजे तो वाढला ते गाव, सुरू झालं की हळू व्हा. शर्यतीच्या आधी बाप काय म्हणतो आणि स्मशानात पोरगा काय म्हणतो, एवढं शब्द न शब्द सांगा. पाहिजे असेल तर दोन्ही प्रसंगांचं मराठी मी आज रात्री लिहून इथंच टाकतो.

पऱ्हाटीतला_पोट्टा

मराठी टाका दादा, वऱ्हाडी मी करून देतो.